हवामानबदलाची समज आणि निसर्गतत्त्वज्ञांचे दोन प्रश्न

धागाकर्ता: जुनीपाने

हवामानबदलाच्या विज्ञानाचा इतिहास मराठीत सांगितला जातो तेव्हा तो बहुधा अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या कार्बन डायऑक्साइडवरील १८९६ सालच्या निबंधापासून, किंवा १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे सुरू झालेल्या कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीपासून सुरू होतो. त्यामागची दोन हजार वर्षे प्रस्तावनेच्या एका परिच्छेदात उरकली जातात. मला हे अपुरे वाटते. या विषयातील मूळ प्रश्न ज्यांनी विचारले ते निसर्गतत्त्वज्ञ होते आणि वनस्पती, दगड, उष्णता, ग्रहगोल, राज्यकारभार या सगळ्यांचा विचार ते एकाच बैठकीत करीत. त्यांच्याकडून आपल्याला दोन वेगवेगळे प्रश्न मिळाले. माणसाच्या हातून एखाद्या प्रदेशाचे हवामान बदलते का, हा पहिला. संपूर्ण पृथ्वी आज जितकी उबदार आहे तितकी ती कशामुळे आहे, हा दुसरा. हे दोन प्रश्न फार काळ एकमेकांची ओळख नसल्यासारखे चालत राहिले. ते एकत्र येण्यास एवढा उशीर का झाला, यावर येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पहिला प्रश्न फार जुना आहे. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस वनस्पतींविषयी लिहिताना दोन गावांची उदाहरणे नोंदवली आहेत. थेसली प्रांतातील लॅरिसा येथे पूर्वी पाणी साचून राहत असे. ते काढून टाकल्यावर तेथे थंडी वाढली आणि झाडे गारठ्याने मरू लागली. उलट फिलिपी येथे जंगल तोडून व पाणी हटवून जमीन लागवडीखाली आणल्यावर गारठ्याचा त्रास कमी झाला. हे निरीक्षण बरोबर की चूक, यापेक्षा त्यामागील धारणा मला मोलाची वाटते. हवामान हे केवळ अक्षांशाने ठरलेले विधिलिखित नसून भूपृष्ठाच्या स्थितीशी ते बांधलेले आहे, आणि ती स्थिती माणूस बदलू शकतो, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते.

अठराव्या शतकात हाच विचार मोठ्या प्रमाणावर मांडला गेला. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७५२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्राचीन लेखकांची वर्णने तपासून असे म्हटले की रोमन काळापेक्षा युरोप आता अधिक उबदार आहे आणि त्याचे कारण जंगले साफ होऊन जमीन उघडी पडणे हे असावे. ह्यू विल्यमसनने १७७० साली फिलाडेल्फिया येथे अमेरिकन वसाहतींविषयी तसेच मत मांडले आणि पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या जेफर्सननेही व्हर्जिनियाविषयी लिहिताना त्याला दुजोरा दिला. त्या काळी या बदलाकडे बहुतेकांनी प्रगती म्हणूनच पाहिले, हे ध्यानात ठेवावे लागते. कुऱ्हाडीने हवा सुधारते, अशीच त्यांची समजूत होती.

उष्ण कटिबंधातील बेटांवर मात्र चित्र उलटे झाले. स्टीफन हेल्सने १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून झाडे मुळांनी शोषलेले पाणी पानांवाटे हवेत सोडतात हे मोजून दाखवले होते. झाडे हवेला पाणी देतात, तर झाडे गेल्यावर पाऊसही जाईल, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. फ्रेंचांच्या ताब्यातील मॉरिशसमध्ये प्येर प्वाव्र या प्रशासकाने १७६९ साली जंगलरक्षणाचे नियम केले, आणि ब्रिटिशांनी टोबॅगो बेटावरील डोंगररांगेचे जंगल १७७६ साली पावसासाठी म्हणून राखून ठेवले. निसर्गतत्त्वज्ञानातील एका प्रयोगावरून पन्नास वर्षांत कायदे झाले.

जर्मन निसर्गसंशोधक हम्बोल्टने १८०० साली व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराची पातळी खाली जात असल्याचे पाहिले. सरोवराच्या तळाला भगदाड असावे, असे तेथील काही लोकांना वाटे. आजूबाजूच्या टेकड्यांवरील जंगलतोड आणि निळीच्या मळ्यांसाठी वळवलेले ओढे ही हम्बोल्टने दिलेली कारणे होत. सुमारे दोन दशकांनी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो तेथे गेला तेव्हा स्वातंत्र्ययुद्धात मळे ओस पडून रान पुन्हा वाढले होते आणि पाणीही वर आले होते. पुढे १८४३ सालच्या मध्य आशियावरील ग्रंथात हम्बोल्टने माणसाच्या हातून हवामान बदलण्याची तीन साधने सांगितली: जंगलतोड, पाण्याच्या वाटणीतील फेरफार, आणि उद्योगांच्या केंद्रांत वाफ व वायू यांचे प्रचंड प्रमाणात होणारे उत्सर्जन. तिसरे कारण त्याने पुढे उलगडले नाही. तरीही ते तेथे लिहिलेले आहे.

दुसरा प्रश्न उष्णतेच्या अभ्यासकांचा होता आणि त्यात माणूस जवळजवळ नव्हताच. फ्रेंच निसर्गतत्त्वज्ञ बुफाँने लोखंडाचे तापवलेले गोळे थंड होण्यास लागणारा वेळ मोजून पृथ्वीचे वय सुमारे पंचाहत्तर हजार वर्षे काढले आणि पृथ्वी सतत निवत आहे असे १७७८ साली मांडले. जिनिव्हाच्या सोस्यूरने १७६७ साली काचेच्या एकात एक बसवलेल्या पेट्या उन्हात ठेवून आतील तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूकडे झुकताना पाहिले. पुढे १७७४ साली त्याने असे उपकरण आल्प्समधील क्रामाँ शिखरावर नेले. बाहेरची हवा थंडगार असूनही पेटीच्या आत जवळजवळ पायथ्याइतकीच उष्णता आढळली. डोंगरावर ऊन कमी पडत नाही, तेथील विरळ हवा उष्णता कमी धरून ठेवते, हे त्यातून सूचित होते.

फ्रेंच गणिती जोसेफ फूरियेने हाच धागा उचलला. १८२४ सालच्या त्याच्या निबंधात पृथ्वीला उष्णता मिळण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: सूर्य, पृथ्वीचा अंतर्भाग आणि अवकाशाचे स्वतःचे तापमान. अंतर्भागातील उष्णतेमुळे पृष्ठभागाचे तापमान एका अंशाच्या तिसाव्या भागाहून अधिक वाढत नाही, हे त्याने गणिताने दाखवले, आणि बुफाँची निवत जाणारी पृथ्वी हवामानाच्या विचारातून जवळजवळ बाद झाली. उरलेल्या हिशोबात त्याला सोस्यूरची पेटी उपयोगी पडली. सूर्याची प्रकाशमान उष्णता वातावरणातून सहज आत येते, परंतु जमिनीवरून परत निघणाऱ्या अदृश्य उष्णतेला बाहेर जाण्यास अडथळा होतो, असे त्याने म्हटले. अवकाशाच्या तापमानाविषयीचा त्याचा अंदाज साफ चुकला होता. पृथ्वीच्या ध्रुवांहून ते थोडेच कमी असावे असे त्याला वाटे. तरी उष्णतेचे उत्पन्न आणि खर्च यांचा ताळेबंद ही विचारसरणी त्याने दिली, आणि माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील ती सर्वांत मोठी देणगी आहे.

त्याच निबंधात फूरियेने असेही लिहिले आहे की मानवी समाजांची वाढ आणि निसर्गाच्या शक्ती यांमुळे भूपृष्ठाची स्थिती, पाण्याची वाटणी व हवेचे मोठे प्रवाह बदलू शकतात आणि काही शतकांत सरासरी उष्णतेतही फरक पडू शकतो. म्हणजे दोन्ही प्रश्न एका पानावर आले होते. मग ते पुन्हा वेगळे का झाले? जाणकारांनी आपले मत द्यावे.

प्रतिसाद: कोकणकडा

विस्तृत मांडणीबद्दल आभार. पहिल्या प्रश्नाचा आपल्या भूमीशी थेट संबंध आहे, म्हणून थोडी भर घालतो.

अलेक्झांडर गिब्सन हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य १८३८ पासून पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचा अधीक्षक होता. त्या काळी वैद्यकीच्या शिक्षणात वनस्पतिशास्त्र आणि हवा-पाण्याचा अभ्यास येत असल्यामुळे भारतातील निसर्गतत्त्वज्ञानाचा मोठा भाग या वैद्यांच्या हाती होता. कोकणातील जंगले वेगाने साफ होत असल्याचे गिब्सनने पाहिले, आणि जंगल गेल्याने पाऊस, झरे व शेती यांवर परिणाम होईल अशी चिंता त्याने सरकारकडे मांडली. १८४७ साली मुंबई सरकारने त्याला वनसंरक्षक नेमले. मद्रास इलाख्यात एडवर्ड बाल्फोर हा दुसरा वैद्य झाडे आणि पाऊस यांच्या संबंधावर लिहीत होता, आणि ह्यू क्लेगहॉर्न या तिसऱ्या वैद्याच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने उष्ण कटिबंधातील जंगलनाशाच्या परिणामांवर १८५१ साली अहवाल सादर केला.

कंपनी सरकारने हे ऐकले याची कारणे निव्वळ ज्ञानाची नव्हती. गलबते बांधण्यासाठी साग हवा होता, पुढे रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते, आणि दुष्काळ पडला की महसूल बुडत होता. पाऊस कमी होईल हा युक्तिवाद या गरजांना पूरक ठरला. त्याची किंमत डोंगरउतारावर कुमरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती करणाऱ्यांनी मोजली. मद्रास इलाख्यात १८६० साली कुमरीवर निर्बंध आले, आणि १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी रानावरचे गावांचे अनेक परंपरागत हक्क आकसले. हवामानाविषयीचा एखादा सिद्धान्त राजसत्तेच्या हाती गेल्यावर त्याचा भार कोणावर टाकला जातो, हे आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच दिसले आहे, आणि या चर्चेत ते सुटू नये असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद: साशंक

एक प्रश्न विचारतो. त्यात खोडसाळपणा नाही. जंगल तोडल्याने पाऊस जातो, हे या सर्व विद्वानांनी खात्रीने सांगितले. परंतु भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख गिल्बर्ट वॉकर याने भारतातील नोंदी तपासून १९१० साली असा निष्कर्ष काढला की येथील हवामानात माणसाच्या कृतीने कायमचा बदल झाल्याचा पुरावा मिळत नाही. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे जी गोष्ट विद्वन्मान्य होती, कायद्यांचा आधार होती, ती मोजणीपुढे टिकली नाही. मग त्याच परंपरेतून आलेल्या, हवेतील वायूंमुळे पृथ्वी तापते या दुसऱ्या सिद्धान्तावर सामान्य माणसाने कशाच्या बळावर विश्वास ठेवावा?

प्रतिसाद: जुनीपाने

साशंक, हा प्रश्न येथे यायलाच हवा होता. आपण दिलेले उदाहरण योग्य आहे आणि त्याच्या जोडीला मी आणखी एक देतो. नोआ वेब्स्टर, ज्याचा शब्दकोश प्रसिद्ध आहे, त्याने १७९९ साली विल्यमसन आणि जेफर्सन यांची मते तपासली. त्यांचा आधार वृद्धांच्या आठवणी आणि प्राचीन कवींच्या ओळी यांवर आहे, आणि त्यावरून हिवाळे सौम्य झाले असे म्हणता येत नाही, असे त्याने दाखवले. म्हणजे या परंपरेतील दाव्यांची कठोर तपासणी परंपरेच्या आतूनच होत आली आहे.

मुख्य फरक मला असा दिसतो. पहिल्या प्रश्नाला तापमानमापक आणि पर्जन्यमापक यांच्या दीर्घ नोंदी लागतात, आणि त्या अठराव्या शतकात नव्हत्या. कुलाबा वेधशाळा १८२६ सालची, तेथील नियमित हवामाननोंदी १८४१ पासूनच्या. भारताचे हवामान खाते १८७५ चे. गिब्सन ज्या काळात लिहीत होता त्या काळात त्याचे म्हणणे खरे किंवा खोटे ठरवण्याची सामग्रीच उपलब्ध नव्हती. शिवाय कोकणचा पाऊस मुख्यतः अरबी समुद्रावरून येणारे बाष्प आणि सह्याद्रीचा चढ यांवर ठरतो, त्यामुळे तेथे झाडांचा पावसावरील परिणाम शोधणे विशेष अवघड. झरे आटणे, माती वाहून जाणे, ओढ्यांचा पूर लवकर येऊन लवकर ओसरणे हे परिणाम मात्र खरे आहेत आणि त्यांसाठी पावसाचे प्रमाण बदलण्याची गरज नाही. गिब्सनच्या पिढीने या दोन गोष्टी एकत्र बांधल्या, त्यामुळे एक डळमळली की दुसरीवरही संशय आला.

दुसऱ्या प्रश्नाची तपासणी प्रयोगशाळेत करता येत होती. एखादा वायू अदृश्य उष्णता अडवतो की नाही हे नळीत वायू भरून पाहता येते, आणि ते पॅरिसमध्ये जे असेल तेच पुण्यातही असते. विश्वास ठेवण्याचे बळ तेथून येते. वॉकरचा निष्कर्ष १९१० पर्यंतच्या नोंदींविषयी आणि पहिल्या प्रश्नाविषयी होता, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद: संहितावाचक

भारतीय परंपरेचा उल्लेख व्हावा म्हणून लिहीत आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजण्याचे पात्र ठेवावे असे सांगून निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोण या मापात दिले आहे. अश्मक म्हणजे गोदावरीकाठच्या प्रदेशापेक्षा अवन्तीचे मान जास्त, आणि अपरान्त म्हणजे कोकणपट्टीचे अमित, असा तो क्रम आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पावसाच्या गर्भधारणेची लक्षणे आहेत. ढगांचा गर्भ धरल्यापासून १९५ दिवसांनी पाऊस पडतो असे तेथे म्हटले आहे. आजच्या भाषेत हा दीर्घ मुदतीचा अंदाज होय.

यावरून आपल्याकडे हवामानबदलाचा सिद्धान्त होता, असे मी म्हणणार नाही आणि कोणी म्हणू नये. प्रदेशाप्रमाणे पाऊस वेगळा असतो हे मोजून सांगणे, आणि एकाच प्रदेशाचा पाऊस काळाच्या ओघात माणसामुळे बदलतो असे सांगणे, यांत अंतर आहे. परंतु कोठार आणि महसूल यांच्या गरजेतून मोजणी जन्मते हा कोकणकडा यांनी मांडलेला मुद्दा येथेही लागू पडतो.

प्रतिसाद: काचनळी

धाग्यात फूरियेनंतर थेट मोठी उडी मारू नये अशी विनंती. भौतिकशास्त्र शिकवण्याचे काम करतो, त्यामुळे मधल्या चाळीस वर्षांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

क्लोद पुइयेने १८३८ साली स्वतः रचलेल्या उपकरणाने सूर्याकडून येणारी उष्णता मोजली. त्याची संख्या आजच्या एककांत चौरस मीटरला सुमारे १२२८ वॅट भरते; आजची मान्य संख्या १३६१ आहे. एवढ्या साध्या साधनांनी इतके जवळ जाणे हे त्या काळच्या प्रायोगिक हाताचे कौशल्य आहे. पण वातावरणातील नेमका कोणता घटक उष्णता अडवतो, हे त्यालाही ठाऊक नव्हते.

१८५६ साली न्यूयॉर्क राज्यातील युनिस फूट यांनी चार इंच व्यासाच्या आणि तीस इंच लांबीच्या दोन काचनळ्या घेतल्या, हवा काढण्याच्या पंपाने त्यांतील हवा कमीजास्त केली, ओली-कोरडी केली, निरनिराळे वायू भरले आणि त्या उन्हात ठेवून तापमान नोंदवले. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त, १२५ अंश फॅरनहाइटपर्यंत तापली आणि सावलीत नेल्यावर निवण्यास साध्या हवेच्या कितीतरी पट वेळ लागला. अशा वायूचे वातावरण पृथ्वीला उच्च तापमान देईल, आणि भूतकाळात त्याचे प्रमाण जास्त असेल तर त्या काळी तापमानही जास्त असले पाहिजे, हा निष्कर्ष फूट यांनी स्वतः लिहिला. ऑल्बनी येथील अमेरिकन विज्ञानसंघटनेच्या सभेत तो निबंध त्यांच्या वतीने जोसेफ हेन्री यांनी मांडला. त्यानंतर दीडशे वर्षे तो विस्मृतीत गेला आणि २०११ साली एका निवृत्त भूशास्त्रज्ञाने त्याकडे पुन्हा लक्ष वेधले. १८४८ सालच्या सेनेका फॉल्स येथील स्त्रीहक्कांच्या जाहीरनाम्यावर फूट यांची सही आहे. एवढ्या महत्त्वाच्या निष्कर्षाची पुढे कोणी दखल घेऊ नये, याचे मला आजही फार वाईट वाटते.

फूट यांच्या प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. काचनळीवर पडलेल्या उन्हात दृश्य प्रकाश आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे, किरण दोन्ही होते आणि जमिनीवरून निघणारी दीर्घ लांबीची उष्णता काच स्वतःच अडवते. त्यामुळे फूरियेने सुचवलेला फरक, म्हणजे आत येणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांतील भेद, त्या प्रयोगात वेगळा होत नव्हता.

तो वेगळा केला भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडलने. १८५९ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने पितळेची लांब नळी घेतली आणि तिची दोन्ही तोंडे सैंधव मिठाच्या चकत्यांनी बंद केली, कारण काच अदृश्य उष्णतेला अडवते, सैंधव अडवत नाही. उष्णतेचा स्रोत म्हणून उकळत्या पाण्याचे भांडे ठेवले आणि दुसऱ्या टोकाला सूक्ष्म उष्णता विजेत बदलणारे उपकरण जोडले. ऑक्सिजन आणि नायट्रोजन जवळजवळ पारदर्शक निघाले. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि काही संयुगवायू यांनी मात्र उष्णता अडवली. वातावरणाचा बहुतांश भाग या कामात निष्क्रिय आहे आणि अत्यल्प प्रमाणातील घटकच सर्व काम करतात, हे प्रथमच मोजून सिद्ध झाले. फूट यांचा निबंध टिंडलने वाचला होता असे दाखवणारा पुरावा नाही. दोघांचे श्रेय वेगवेगळे आहे आणि एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला लहान करण्याची गरज नाही.

प्रतिसाद: हिमरेषा

टिंडल हे प्रयोग कशासाठी करीत होता, हा दुवा येथे जोडावासा वाटतो. तो आल्प्समधील हिमनद्यांचा अभ्यासक आणि गिर्यारोहक होता, आणि त्याच्या पिढीपुढील मोठे कोडे हिमयुगाचे होते.

स्वित्झर्लंडमधील बान्य खोऱ्यातील झाँ-प्येर पेरोदाँ या शिकाऱ्याने दरीत इतस्ततः पडलेले अजस्र दगड आणि खडकांवरील ओरखडे पाहून हिमनद्या पूर्वी खूप खालपर्यंत होत्या असे म्हटले. अभियंता व्हेनेट्झ, मिठाच्या खाणींचा प्रमुख शार्पांत्ये आणि अखेर लुई अगासी अशी ती कल्पना पुढे गेली. अगासीने १८३७ साली नॉशातेल येथील भाषणात संपूर्ण हिमयुगाची कल्पना मांडली तेव्हा बरेच भूशास्त्रज्ञ नाराज झाले, कारण पृथ्वी निवत आली असेल तर ती मध्येच गोठून पुन्हा उबदार कशी झाली, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. संपूर्ण पृथ्वीचे हवामान खरोखर बदलते, आणि दोन्ही दिशांनी बदलते, ही गोष्ट दगडांनी पटवून दिली. टिंडलने १८६१ सालच्या निबंधात लिहिले की भूशास्त्रज्ञांना दिसणारे सर्व हवामानबदल वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणातील फरकाने घडले असू शकतात. जेम्स क्रॉल याने, जो तेव्हा ग्लासगोतील एका शिक्षणसंस्थेत रखवालदाराचे काम करीत होता, १८६४ पासून पृथ्वीच्या कक्षेतील बदलांचे कारण पुढे आणले. बर्फ वाढले की सूर्यप्रकाश अधिक परावर्तित होऊन थंडी आणखी वाढते, हा विचारही त्याच्याकडे आहे.

धागाकर्त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. भूतकाळातील हिम हे कोडे इतके मोठे होते की कार्बन डायऑक्साइडचा विचार करणाऱ्यांचे डोळे मागे वळलेले राहिले. पुढे काय होईल, हे त्यांच्या प्रश्नपत्रिकेतच नव्हते.

प्रतिसाद: जुनीपाने

काचनळी आणि हिमरेषा यांचे प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस आहेत. हिमरेषा यांचे उत्तर मला पटते आणि अऱ्हेनियसच्या उदाहरणाने ते अधिक बळकट होते.

अऱ्हेनियसलाही हिमयुगाचेच कारण हवे होते. चंद्राकडून येणाऱ्या अवरक्त उष्णतेची लँग्लीने केलेली मोजमापे घेऊन त्याने सुमारे वर्षभर हाताने गणिते केली. कार्बन डायऑक्साइड घटल्यास तापमान उतरते, तापमान उतरल्यास हवेतील वाफ घटते, आणि वाफ घटल्यास थंडी आणखी वाढते, ही साखळी त्याने हिशोबात धरली. प्रमाण दुप्पट झाल्यास ५ ते ६ अंश सेल्सियस वाढ आणि ध्रुवांकडे अधिक वाढ, असे त्याचे उत्तर आले. माणसाचा प्रवेश झाला तो त्याचा सहकारी होगबॉम याच्यामुळे. ज्वालामुखी, खडकांचे विदारण आणि समुद्र यांमधून फिरणाऱ्या कार्बनचा हिशोब मांडताना होगबॉमने कोळसा जाळण्यातून येणारा वाटाही मोजला आणि तो नैसर्गिक उलाढालीच्या तुलनेत नगण्य नाही असे त्याला आढळले. तरीही १८९६ च्या वेगाने दुप्पट होण्यास हजारो वर्षे लागतील असे दिसत असल्यामुळे अऱ्हेनियसला त्यात धोका दिसला नाही. स्वीडनसारख्या थंड देशात राहणाऱ्या माणसाला किंचित उबदार भविष्य आकर्षक वाटले, आणि त्याने तसे लिहिलेही.

त्यानंतर १९०० साली क्नुट अँगस्ट्रॉमने नळीतील प्रयोगावरून दाखवले की कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमीजास्त केल्यास शोषणात फारसा फरक पडत नाही. जे अडवायचे ते आधीच अडवले गेले आहे आणि उरलेले वाफ अडवते. हा आक्षेप इतका पटण्याजोगा होता की तीन-चार दशके बहुतेक हवामानतज्ज्ञांनी हा विषय मिटल्याचे मानले. आक्षेपातील उणीव अशी की वातावरण म्हणजे एक नळी नव्हे. गोधड्या एकावर एक घातल्यासारखे त्याचे थर आहेत, आणि अवकाशात जाणारी उष्णता अखेरीस वरच्या, विरळ, थंड आणि जवळजवळ कोरड्या थरांतून निघते. वायू वाढला की ती अधिक उंचावरून, अधिक थंड थरातून निघू लागते, म्हणून कमी निघते, आणि खालची बाजू तापते. हे नीट उलगडायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

दोन प्रश्न खऱ्या अर्थाने एकत्र आणले ते गाय कॅलेंडर या ब्रिटिश अभियंत्याने, ज्याचा व्यवसाय वाफेच्या गुणधर्मांचा होता आणि हवामान हा फावल्या वेळेतील अभ्यास होता. १९३८ साली त्याने जगभरातील सुमारे दीडशे ठिकाणच्या तापमाननोंदी एकत्र करून दाखवले की मागील पन्नास वर्षांत वर्षाला सरासरी ०.००५ अंश सेल्सियस वाढ झाली आहे. त्याच काळात इंधन जाळून माणसाने सुमारे १५० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, त्यातील तीन चतुर्थांश हवेतच राहिला, आणि त्यामुळे वर्षाला ०.००३ अंशांची वाढ अपेक्षित आहे, असा त्याचा हिशोब होता. वेब्स्टरने मागितलेल्या नोंदी आणि टिंडलने मोजलेले शोषण एकाच निबंधात प्रथमच शेजारी बसले. हम्बोल्टने न उलगडता सोडलेले तिसरे कारण येथे संख्यांसह पूर्ण झाले.

प्रतिसाद: साशंक

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. प्रयोगशाळेतील तपासणी आणि दीर्घ नोंदी हा भेद मला आता स्पष्ट झाला. एकच शंका उरते. प्रमाण दुप्पट झाल्यास अऱ्हेनियसचे ५ ते ६ अंश आणि कॅलेंडरच्या हिशोबाने येणारे सुमारे २ अंश यांत एवढे अंतर कसे, आणि आज कोणाचे बरोबर मानतात?

प्रतिसाद: काचनळी

दोघांचेही पूर्णपणे नाही. अऱ्हेनियसकडे अवरक्त शोषणाची जी मोजमापे होती ती अपुरी होती, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचा प्रभाव वाजवीपेक्षा जास्त आला. कॅलेंडरकडे शोषणाची अधिक चांगली माहिती होती, परंतु तापमान वाढल्यावर वाफही वाढेल ही अऱ्हेनियसची साखळी त्याने हिशोबात तशी घेतली नाही, म्हणून त्याची संख्या खाली आली. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०२१ सालच्या अहवालात दुप्पट प्रमाणासाठी ३ अंशांचा सर्वोत्तम अंदाज आणि २.५ ते ४ अंशांचा संभाव्य पल्ला दिला आहे, म्हणजे दोघांच्या मध्ये. मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेले प्रमाण आता ४२० च्या पुढे गेले आहे, त्यामुळे त्या पल्ल्यातील नेमकी संख्या कोणती हा प्रश्न आता केवळ गणिताचा उरलेला नाही. ढगांचे वर्तन हे त्यातील अनिश्चिततेचे सर्वांत मोठे कारण आहे. त्यावर स्वतंत्र धागा निघाल्यास मी लिहीन.